ताकाला भाव नव्हता तेव्हा

इयत्ता आठवीला म्हणी शिकवताना 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण आली की वर्ग अडतो. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते म्हणून अडतो असे नाही, मराठी माध्यमात शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींचाही अनुभव तोच आहे. अर्थ मुलांना लगेच पाठ होतो, की मागायला तर जायचे पण मागतो आहोत हे कळू द्यायचे नाही. त्यांचा प्रश्न वेगळा असतो. "टीचर, ताकाला जायचं म्हणजे कुठं जायचं?" दुकानात जाणारा माणूस पिशवी लपवत नाही. पैसे टाकले की ताक मिळते, मग भांडे कशाला आणि लपवायचे कशाला?

दुसरा प्रश्न रमजानच्या आसपास फोनवर येतो. शाळा सोडून गेलेल्या मुली, भाच्या, पुतण्या विचारतात. इफ्तारनंतर घरच्यांना फ्राइड चिकन करून घालायचे असते, ईदला रेड व्हेल्वेट केक करायचा असतो, आणि पाककृतीत 'बटरमिल्क' लिहिलेले असते. बटरमिल्क म्हणजे ताकच ना? मग घरचे ताक घालून केक बसला का? नसेल तर त्याऐवजी काय घालू?

मला हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नाची दोन टोके वाटतात. शब्दकोशात बटरमिल्क म्हणजे ताक हे बरोबरच आहे. पण गेल्या दीडशे वर्षांत तिकडची वस्तू बदलली, इकडची वस्तूही बदलली, आणि नावे तेवढी जुनीच राहिली.

मुळात ताक कोणी मुद्दाम करत नसे. काढायचे असायचे लोणी, ताक मागे उरायचे. आपल्याकडे आणि युरोपात फरक एवढाच, की तिकडे दुधावरची साय काढून, ती थोडी आंबवून तेवढीच घुसळत. आपल्याकडे सगळ्या दुधाला विरजण लावून सगळे दही डेऱ्यात घुसळत. रवी, घुसळखांब, दोरी, वरून गार पाणी, हे सगळे आपल्या आजी-नानींनी पाहिलेले आहे. आता हिशेब करा. म्हशीच्या दहा लिटर दुधातून लोणी निघणार पाऊण किलोच्या आसपास. बाकी नऊ लिटरांहून जास्त ताक, शिवाय घुसळताना घातलेले पाणी. ज्या घरात दोन म्हशी आहेत त्या घराला एवढे ताक पिऊन संपणार नाही. ते टिकतही नाही, दुसऱ्या दिवशी आंबट ढाण होते. लोणी कढवले की तूप होते, तूप महिनोन्‌महिने राहते, बाजारात जाते, त्याचे पैसे येतात. ताकाचे काय करायचे? वाटायचे.

या पातळ पदार्थाकडे जुन्या लोकांनी किती बारकाईने पाहिले होते ते नावांवरून कळते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात त्याचे पाच प्रकार आहेत. सायीसकट, पाणी न घालता घुसळलेले ते घोल. साय काढून, पाणी न घालता केलेले मथित. चौथा हिस्सा पाणी घातलेले तक्र, निम्मे पाणी असलेले उदश्वित, आणि साय काढून भरपूर पाणी घातलेली छच्छिका. आपले ताक तक्रातून आले. मठ्ठ्याचे नाते मथिताशी जोडतात आणि आमच्या उर्दूतल्या 'छाछ'चे छच्छिकेशी. उर्दूत आणि मराठीत एक म्हण जवळपास शब्दाला शब्द सारखी आहे, दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, ही. इकडे ताक, तिकडे छाछ, तोंड मात्र एकच पोळलेले. फारसीत याला दोग़ म्हणतात. आणि इराण्याच्या हॉटेलात आपण ज्याला मस्का म्हणतो तो शब्दही फारसीच, ताज्या लोण्याचा. म्हणजे लोणी काढून मस्का पावावर लागला, दोग़ मात्र मराठीत आला नाही. ताकाला आपल्याकडे शब्दांची उणीव नव्हतीच.

उणीव होती ती भावाची. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत सोळाव्या शतकाच्या अखेरचे बाजारभाव दिलेले आहेत. तूप मणाला १०५ दाम, दूध २५ दाम, दही १८ दाम. मण म्हणजे तेव्हाचा अकबरी मण, आजचे साधारण २५ किलो. तेल आहे, साखर आहे, मीठ आहे, लोणची आहेत. ताक त्या यादीत नाही. बादशाही मुदपाकखान्याला ताक विकत आणायची गरज नव्हती असे कोणी म्हणेल, तेही खरे असेल. पण आपल्या गावांतही माझ्या आईच्या लहानपणापर्यंत हेच चालू होते. दूध विकले जायचे, तूप विकले जायचे. ताक विकणे हलके समजत. "ताक काय विकायचं?" हे वाक्य माझ्या नानीच्या तोंडी असायचे, आणि तिच्या घरी म्हैस नव्हती.

म्हैस नसलेल्यांच्या बाजूने ताकाचा इतिहास लिहायचा तर तिथून लिहावा लागेल. गावात आमच्या लोकांची घरे असायची ती बहुतेक हातावर पोट असलेल्यांची. पिंजारी, तांबोळी, आत्तार, मणियार, शिकलगार. बलुतेदारांच्या कित्येक याद्यांत मुलाण्याचे नाव येते, त्याला सुगीला धान्य मिळायचे. ज्यांना बलुते नव्हते त्यांनाही सकाळी ताक मिळायचे, फक्त आणायला जावे लागायचे. नानी सांगायची, पाटलाच्या वाड्यावर तांब्या घेऊन जायचे, ओट्याखाली उभे राहायचे. तांब्या खाली ठेवायचा आणि आपण बाजूला सरकायचे. वरून धार पडायची. भांड्याला भांडे लागू द्यायचे नाही. महारवाड्यातून आलेल्या बायांना आणखी लांब उभे राहावे लागायचे. ताक मात्र भरपूर असायचे, कण्यांत घालायला, ज्वारीच्या पिठात कालवून अंबील करायला, भाकरी कुस्करून खायला. मुलांचे सकाळचे पोट त्यावर भरायचे.

आता म्हण पुन्हा वाचा. भांडे लपवणारी बाई का लपवते ते कळेल. मराठीत 'ताकापुरते रामायण' असाही वाक्प्रचार आहे. ताक मिळेपर्यंत समोरच्याला गोड वाटेल ते बोलत राहायचे. दोन्ही ठिकाणी हसू मागणाऱ्याचे आहे, देणाऱ्याबद्दल म्हण नाही. भाषेत म्हणी कोणी घातल्या हेही त्यावरून कळते. दुसऱ्या बाजूला पंढरपुरात ताकपिठे विठोबाचे देऊळ आहे. एका गरीब म्हातारीने ताकात कालवलेले पीठ देवाला दिले आणि देवाने ते खाल्ले, अशी त्याची कथा. तिथे ताकाची लाज नाही.

ही वाटणी आपल्यापुरतीच होती असे समजू नये. १८४५ चा दुष्काळ पडण्याआधी आयर्लंडमधल्या गरीब कुळाचे रोजचे जेवण बटाटे आणि ताक हेच होते. गाय त्याच्याकडे असली तरी लोणी त्याचे नव्हते. ते विकून जमीनदाराचा खंड भरायचा असे. कॉर्क शहराच्या बाजारातून ते लोणी पिंपे भरून परदेशी जायचे. घरात उरायचे ते ताक. अमेरिकेच्या दक्षिणेकडे गुलामांच्या मुलांना लाकडी डोणीत मक्याची भाकरी कुस्करून त्यावर ताक किंवा दूध ओतून देत. १९३०च्या दशकात तिथल्या सरकारने पूर्वी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यांत हे पुन्हा पुन्हा येते. आज ज्या फ्राइड चिकनसाठी आपल्या मुली बटरमिल्क शोधतात ते त्याच दक्षिणेतले, आणि ते रांधणारे हात बरेचसे त्याच लोकांचे.

तिकडे ताकाला स्वयंपाकात खरे महत्त्व आले ते खाण्याच्या सोड्यामुळे. १८३०च्या दशकात सोडा घातलेल्या ब्रेडच्या कृती छापून येऊ लागल्या, आणि अमेरिकेत १८४६ पासून सोडा पुड्यांतून विकला जाऊ लागला. सोड्याला आंबट काहीतरी मिळाले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. यीस्टची वाट बघायला नको. घरात फुकटचे आंबट काय असते? ताक. आयरिश सोडा ब्रेड, अमेरिकन बिस्किट, पॅनकेक, सगळे या जोडीवर उभे आहे. म्हणून बटरमिल्क त्या पाककृतींत चवीपेक्षा कामासाठी असते. ते काढून नुसते दूध घातले तर सोडा तसाच राहतो आणि केक साबणासारखा लागतो.

मग १८७८ साली स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल याने फिरत्या यंत्राने दुधातून साय वेगळी काढली. दूध आंबायची, साय वर यायची वाट पाहणे संपले. शेतकरी दूध किंवा साय कारखान्यात देऊ लागला. लोणी तिथे ताज्या, गोड सायीचे होऊ लागले. घरातला डेरा बंद झाला आणि त्याबरोबर घरातले ताकही. कारखान्यातले ताक आंबट नसायचे, ते वाळवून भुकटी करून दुसऱ्या पदार्थांत गेले. पण बिस्किटे खाणारे लोक होतेच. त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत डेअरीवाल्यांनी साय काढलेल्या दुधाला जिवाणूंचे विरजण लावून एक दाट, आंबट पदार्थ तयार केला आणि त्याला जुनेच नाव दिले. आज अमेरिकेत बाटलीत मिळते ते बटरमिल्क हे. त्यात कधी लोणी निघालेले नसते. आपल्या भाषेत सांगायचे तर ते पातळ अदमुरे दही आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट शंभर वर्षांनी घडली आणि आमच्या पिढीने तिचा शेवट पाहिला. १९४६ साली खेडा जिल्ह्यात दूध संघ झाला, १९६३ मध्ये कोल्हापूरचा, ज्याला आपण गोकुळ म्हणतो. १९६८ मध्ये वारणेचा. १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली. तिचे भांडवल कुठून आले हे ऐकण्यासारखे आहे. युरोपात लोण्याचे आणि साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे डोंगर साचले होते, ते मदत म्हणून इकडे आले. इकडे शहरात त्यांचे दूध करून विकले आणि त्या पैशातून इथल्या डेअऱ्या उभ्या राहिल्या. म्हणजे तिकडचे लोणी काढून उरलेले आपल्याकडे आले, आणि त्यापायी आपले लोणी काढून उरलेले गावातून गेले.

गावात डेअरी आली तसा 'फॅट' हा शब्द आला. सकाळी किटली घेऊन जायचे, नमुना तपासायचा, फॅटप्रमाणे पैसे. ज्या दुधाचे दही व्हायचे, दह्याचे लोणी आणि ताक व्हायचे, ते दूध सकाळी सातलाच टेम्पोत चढले. वाड्यावरचा डेरा माळ्यावर गेला. तांब्या घेऊन जाणाऱ्यांना काय मिळाले? यावर तेव्हा बोलले गेले होते. १९८३ मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी इलस्ट्रेटेड वीकलीत या योजनेवर कडक टीका केली आणि मोठा वाद झाला. १९८५ मध्ये शांती जॉर्ज यांचे पुस्तक आले. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना मिळणारे फुकटचे ताक दूध विक्रीला गेल्यावर आटते, हा या टीकेतला एक मुद्दा होता. योजनेच्या बाजूने सांगितले गेले की शेतकऱ्याला रोजचा रोख पैसा मिळतो, बाईच्या हातात मिळतो, एका म्हशीवर घर चालते.

मला दोन्ही खरे वाटते, पण दोन्ही गोष्टी एकाच घरात घडल्या नाहीत. पैसा म्हैसवाल्याच्या घरी आला. ताक तांब्यावाल्याच्या घरातून गेले. त्या मुलांच्या सकाळच्या अंबिलीतले प्रथिन आणि चुना कोणत्या हिशेबात धरला गेला नाही, कारण ज्याला भावच नाही ते गेल्याची नोंद कुठल्या वहीत करणार? आणि तरीही, नानीला मी एकदा विचारले होते की तेव्हाचे फुकटचे ताक बरे की आताची पिशवी. ती म्हणाली, "पिशवी बरी. अब सर उठा के लाते हैं." फुकटच्या ताकाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हेही ऐकावे. आपल्याकडे गावगाड्याबद्दल लिहिणारे बहुतेक ओट्यावरून लिहितात.

असो. भाच्यांच्या प्रश्नाकडे येऊ.

आज घरोघरी ज्याला ताक म्हणतात ते दह्यात पाणी घालून रवीने किंवा मिक्सरने फिरवलेले असते. त्यातून लोणी निघालेले नसते आणि ते बहुधा पुरेसे आंबटही नसते, कारण दही लागले की आपण ते फ्रिजमध्ये टाकतो. आंबटपणा वाढवणारे जिवाणू गारव्यात झोपतात. शिवाय आपले ताक पातळ. केकमध्ये एक कप ताक घातले तर निम्म्याहून जास्त पाणीच पडते. त्यामुळे पाककृतीत बटरमिल्क असेल तर ताक नको, पाऊण कप दही आणि पाव कप पाणी किंवा दूध एकत्र फेटून घ्यावे. ते तिकडच्या बाटलीतल्या वस्तूच्या सर्वांत जवळ जाते. एक कपाला अर्धा छोटा चमचा सोडा हे साधारण प्रमाण. दही नसेल तर एक कप दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटे ठेवायचे. दूध जरा फाटल्यासारखे होते, घाबरू नये. केकचे काम होते, चवीचे होत नाही. दोन्ही नसेल तर साधे दूध घ्या, पण मग सोडा काढून टाका आणि पाव चमचा सोड्याऐवजी एक चमचा बेकिंग पावडर घाला. पिशवीतले मसाला ताक कशातच घालू नये. एका मुलीने घातले होते, तिच्या केकला जिऱ्याचा वास होता.

चिकनला लिंबू-दूध चालत नाही असे नाही, पण दही कितीतरी चांगले. दाट असल्यामुळे ते मांसाला धरून राहते आणि वरचे पीठही नीट चिकटते. मीठ घालून चार तास, किंवा सहरीनंतर भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर इफ्तारपर्यंत. बिर्याणीच्या गोश्तला आपण पिढ्यान्‌पिढ्या दही लावतो, ते काम हेच. त्या अमेरिकन पाककृतीत आपल्याला नवीन फक्त नाव आहे.

कढीला मात्र लिंबू-दूध मुळीच चालत नाही. कढीला आंबलेलेच ताक हवे. फ्रिजमधले दही असेल तर त्यात पाणी घालून घुसळून रात्रभर बाहेर ठेवा, उन्हाळ्यात चार-पाच तास पुरतात. मग बेसन लावून, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचे, नाहीतर फाटते.

आणि खरे बटरमिल्क हवेच असेल, लोणी काढून उरलेले, जे अमेरिकेतल्या बाईला दुकानात शोधून सापडत नाही, तर ते आपल्यापैकी अनेकींच्या घरात आठवड्यातून एकदा तयार होते आणि मोरीत ओतले जाते. फुल क्रीम पिशवीत सहा टक्के फॅट असते. त्या दुधाची साय रोज साठवणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत. डब्यात आधी चमचाभर विरजण घालून ठेवावे, म्हणजे साय कडू होत नाही. आठवडा झाला की डबा रात्री बाहेर ठेवायचा, सकाळी गार पाणी घालून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायची. लोणी गोळा होऊन वर येते, ते तुपाला. खाली जे पांढरे उरते ते ओतू नका. ते दाट असते, आंबट असते, लोण्याचे बारीक कण त्यात तरंगत असतात.

त्याची तांदळाची उकड करून पाहा. दोन वाट्या हे ताक आणि तितकेच पाणी, त्यात वाटीभर तांदळाचे पीठ गुठळी न होऊ देता कालवायचे. तेलाची फोडणी, मोहरी, हिंग, भरपूर लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. त्यात पीठ ओतून मंद आचेवर ढवळत राहायचे. दाट झाले, चकाकी आली की झाकण ठेवून एक वाफ. वरून कच्चे तेल. सहरीला हे खाल्ले तर दुपारी तहान कमी लागते असा आमच्या घरचा अनुभव आहे. सायीचे ताक दोन दिवसांवर ठेवू नये, तिसऱ्या दिवशी त्याला जुनाट वास येतो.